फोर्थ पायरीपायरीने: वापरणाऱ्याच्या हाताने वाढणारी भाषा बांधून पाहू

बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा आपल्या हातात तयार येतात. अट कशी लिहायची, फेरा कसा मारायचा, नवा प्रकार कसा जाहीर करायचा, हे सगळं कंपाइलर लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आपण त्यात फंक्शनं लिहायची. भाषेत एखादी गोष्ट नसली तर ती पुढच्या आवृत्तीत येईल म्हणून वाट बघायची.

फोर्थमध्ये तसं नाही. तिथे अट लिहायचा शब्द भाषेतच लिहिलेला असतो, आणि तुम्हाला तो पसंत नसेल तर दुपारच्या चहाच्या आत दुसरा लिहिता येतो. हे कसं जमतं ते वाचून पुरतं कळत नाही, बांधून कळतं. म्हणून या लेखात आपण फोर्थच्या आराखड्यावर एक छोटी भाषा उभी करू. तिचे शब्द मराठी ठेवू. त्याला एक खरं कारण आहे, ते वाटेत येईल.

ही भाषा कुठून आली

१९६० च्या दशकात 'वाढवता येणारी भाषा' हा संगणकशास्त्रातला गाजलेला विषय होता. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० मध्येच मॅक्रो वापरून भाषा कशी विस्तारता येईल हे मांडलं होतं, आणि १९६९ मध्ये बॉस्टनला केवळ याच विषयावर परिसंवाद भरला. त्यातल्या बऱ्याच भाषा पुढे प्रयोगशाळेतच राहिल्या. फोर्थचे कर्ते चार्ल्स मूर मात्र या चर्चेपासून दूर, पोटापाण्याची कामं करता करता आपलं हत्यार घडवत होते.

१९५० च्या दशकाअखेर ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत कृत्रिम उपग्रहांचे मार्ग काढणारे प्रोग्रॅम लिहीत. प्रत्येक बदलासाठी सगळं पुन्हा कंपाइल करायचं म्हणजे बराच वेळ जाई. म्हणून त्यांनी एक लहानसा इंटरप्रिटर लिहिला: कार्डावरचा शब्द वाचायचा आणि त्या शब्दाचं काम करायचं. तो इंटरप्रिटर ते एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत घेऊन गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्यात थोडी भर पडली. १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ॲमस्टरडॅम गावी, मोहॅस्को या गालिचे बनवणाऱ्या कंपनीत, आयबीएम ११३० या संगणकावर त्याला नाव मिळालं. चौथ्या पिढीच्या संगणकांची भाषा म्हणून 'फोर्थ', म्हणजे इंग्रजीतला 'चौथा'. त्या शब्दात इंग्रजीत सहा अक्षरं आणि यंत्राला पाचच चालायची, म्हणून एक अक्षर गळलं. ते आजतागायत गळलेलंच आहे.

पुढे १९७१ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत, ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या ११ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीसाठी, ती पूर्ण रूपात आली. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम, कंपाइलर, एडिटर आणि दुर्बीण चालवणारा प्रोग्रॅम हे सगळं एकच होतं. एलिझाबेथ रॅदर तिथे आल्या आणि फोर्थ शिकणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमर ठरल्या. १९७३ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली, आणि १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने फोर्थला मान्यता दिली. आपल्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं हे, की ही भाषा अशा जागी वाढली जिथे वापरणाऱ्याला भाषा बदलण्याची गरज रोजच्या रोज पडत होती.

तयारी

पायथन, सी, जावास्क्रिप्ट, तुम्हाला जी येते ती भाषा घ्या (हिला पुढे 'यजमान भाषा' म्हणू). दोन-तीनशे ओळींत काम होतं. चार गोष्टी लागतील: आकड्यांची एक लांब सपाट यादी (हिला 'स्मृती' म्हणू), दोन स्टॅक, आणि शब्दांची नोंदवही.

स्मृती सपाटच ठेवा. पायथनमध्ये लिहिताना प्रत्येक शब्दासाठी वेगळी यादी करून एका फंक्शनने दुसऱ्याला बोलवायचा मोह होतो. मी पहिल्यांदा तसंच केलं. बेरीज-गुणाकारापर्यंत छान चाललं. पण अट स्वतः भाषेतच लिहायची वेळ आली तेव्हा 'अमुक जागी उडी मार' म्हणायला जागेला पत्ताच नव्हता. सगळं मोडून पुन्हा सुरुवात करावी लागली.

पायरी १: वाचणारा

फोर्थचं व्याकरण एका वाक्याचं आहे: शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल ते. कंस, स्वल्पविराम, अधिकचिन्ह यांना वेगळा मान नाही, तेही शब्दच. म्हणून वाचणाऱ्याला एकच काम: पुढचा शब्द काढून दे. फक्त एक काळजी घ्या. ओळ आधीच तोडून यादी करून ठेवू नका. 'आपण कुठवर वाचलं' ही खूण बाहेर ठेवा आणि मागेल त्याला पुढचा शब्द द्या. पुढे आपले स्वतःचे शब्दही याच वाचणाऱ्याकडून शब्द मागणार आहेत. या भाषेच्या विस्ताराची पहिली किल्ली हीच.

मराठी शब्द वापरायचे तर आणखी एक गोष्ट. 'दोऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण ऱ आणि र-अधिक-नुक्ता यांना एक करतं, पण त्या जोडकाला हात लावत नाही. तेव्हा वाचणाऱ्यातच 'र, हलन्त, जोडक' दिसला की तिथे ऱ आणि हलन्त घालून टाका. नाहीतर 'शब्द सापडत नाही' या उत्तराकडे तासभर बघत बसाल.

पायरी २: स्टॅक, आणि मराठीची सवय

स्टॅक म्हणजे भाकऱ्यांची चळत. वर ठेवायचं, वरचंच उचलायचं. आकडा दिसला की चळतीवर ठेवायचा. क्रियेचा शब्द आला की तो वरचे आकडे उचलतो आणि उत्तर परत वर ठेवतो.

    ५ ३ + सांग
    १० ३ - सांग

'सांग' वरचा आकडा उचलून छापतो. पहिल्याचं उत्तर ८, दुसऱ्याचं ७. याला इंग्रजी पुस्तकांत 'उलटी' मांडणी म्हणतात आणि नवख्याला तिची सवय लागायला वेळ लागतो असं लिहितात. पण आपण बोलतो कसं? 'पाचात तीन मिळव.' 'दहातून तीन वजा कर.' वस्तू आधी, क्रियापद शेवटी. 'हे तिथे ठेव' म्हणताना आधी काय, मग कुठे, मग क्रिया. फोर्थमध्ये स्मृतीत आकडा लिहायचा क्रम नेमका हाच: आधी किंमत, मग पत्ता, मग क्रिया. मराठी माणसाला ही मांडणी सरळच वाटायला हवी. शब्द मराठी ठेवायचं कारण म्हटलं ते हे, आणि अटीपाशी पोचल्यावर ते आणखी ठळक होईल.

चळत हाताळायचे शब्द थोडेच लागतात: प्रत (वरच्या आकड्याची नक्कल), टाक (वरचा फेकून दे), अदलाबदल (वरचे दोन उलटव). दुसरा स्टॅक परतीच्या पत्त्यांचा. त्याकडे लवकरच येऊ.

पायरी ३: नोंदवही

प्रत्येक शब्दाची एक नोंद: नाव, आधीच्या नोंदीचा दुवा, 'लपवलेला' आणि 'तत्काळ' अशा दोन खुणा, आणि चालवायचं काम. शोध नेहमी सर्वांत नव्या नोंदीपासून सुरू करून मागे जायचा.

मूरच्या सुरुवातीच्या फोर्थमध्ये जागा वाचवायला नावाची लांबी आणि पहिली तीन अक्षरं एवढंच जपत. आपण तसं करू नये. युनिकोडमध्ये 'सांग' म्हणजे स, काना, अनुस्वार, ग असे चार तुकडे आणि 'सांज' म्हणजेही चारच, त्यातले पहिले तीन अगदी तेच. दोन्ही शब्द एक ठरले असते. पूर्ण नाव ठेवा.

नवीन आधी शोधायचं या साध्या नियमातून एक मोठी सोय मिळते. तुम्ही 'सांग' नव्याने लिहिलात तरी जुना पुसला जात नाही. तो फक्त झाकला जातो. ज्या शब्दांनी जुना 'सांग' वापरला होता ते जुनाच वापरत राहतात, कारण त्यांच्यात नाव नसून जुन्या नोंदीचा क्रमांक बसलेला असतो. पायथनसारख्या भाषेत एखादं नाव बदललं की ते वापरणारा सगळा जुना कोड बदललेल्या अर्थाने चालू लागतो. फोर्थमध्ये नवी इमारत जुन्या पायावर चढते आणि पाया हलत नाही. ज्या भाषेत प्रत्येकाला भाषाच बदलायची मुभा आहे, तिथे ही शिस्त नसती तर आठवड्याभरात सगळं कोसळलं असतं. माझ्या मते या आराखड्यातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

पायरी ४: बाहेरचा फेरा

हे या भाषेचं हृदय, आणि ते दहा ओळींत मावतं. पुढचा शब्द घ्या आणि नोंदवहीत शोधा. सापडला तर चालवा. नाही सापडला तर तो आकडा आहे का बघा; असेल तर चळतीवर ठेवा. तेही नसेल तर तो शब्द आणि एक प्रश्नचिन्ह छापा, दोन्ही स्टॅक रिकामे करा आणि पुढच्या ओळीची वाट बघा.

आधी नोंदवही, मग आकडा, हा क्रम उलटवू नका. या क्रमामुळे ० किंवा १ हेही शब्द म्हणून लिहिता येतात, आणि जुन्या फोर्थमध्ये जागा वाचवायला ते खरोखर तसे लिहीत.

देवनागरी आकडे ओळखायला पायथनमध्ये काहीच करावं लागत नाही, त्याचं आकडा करणारं फंक्शन '१२' सरळ स्वीकारतं. जावास्क्रिप्ट आणि सी स्वीकारत नाहीत. तिथे प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करा. उत्तर ० ते ९ मध्ये आलं तर तोच अंक.

इथवर आलात की तुमच्याकडे चालता गणकयंत्र आहे. थांबून थोडं वापरा, चुका इथेच सापडल्या तर बऱ्या.

पायरी ५: अपूर्णविराम, म्हणजे नवा शब्द

    : वर्ग प्रत * ;
    ५ वर्ग सांग

उत्तर २५. यात `:` हा साधा शब्द आहे. चालला की तो वाचणाऱ्याकडून पुढचा शब्द मागतो ('वर्ग'), त्या नावाची नोंद करतो, आणि भाषेची अवस्था 'चालव' वरून 'नोंदव' अशी बदलतो. आता बाहेरच्या फेऱ्यात एक फाटा घाला. अवस्था 'नोंदव' असेल तर सापडलेला शब्द चालवायचा नाही, त्याचा क्रमांक स्मृतीत पुढच्या रिकाम्या घरात लिहायचा. आकडा असेल तर 'आकडा' या अंतर्गत शब्दाचा क्रमांक आणि शेजारच्या घरात ती किंमत.

मग `;` काय करणार? त्याने स्मृतीत 'परत' हा शब्द लिहायचा आणि अवस्था पुन्हा 'चालव' करायची. पण 'नोंदव' अवस्थेत सगळेच शब्द नोंदले जातात, `;` सुद्धा. मग तो चालणार कसा? इथे 'तत्काळ' ही खूण कामी येते. ज्या शब्दावर ती आहे तो नोंदव अवस्थेतही लगेच चालतो. एवढीशी एक खूण, पण फोर्थ वाढते ती या फटीतून. ज्या शब्दावर ती लावाल तो शब्द कंपाइलरचा भाग होतो.

'लपवलेला' ही दुसरी खूण `:` लावतो आणि `;` काढतो. कशासाठी ते यात दिसेल:

    : सांग सांग ओळ ;

सांगून झालं की नवी ओळ सुरू करणारा सुधारलेला 'सांग'. आतला 'सांग' जुना हवा. नवी नोंद तोवर लपलेली नसती तर तो स्वतःलाच बोलावत राहिला असता आणि परतीचा स्टॅक फुटेपर्यंत थांबला नसता. स्वतःला मुद्दाम बोलवायचं असेल तर 'स्वतः' असा वेगळा तत्काळ शब्द लिहून घ्या.

नोंदलेलं चालवायचं काम आतला फेरा करतो. एक बोट ठेवा: 'पुढचं घर कुठलं'. त्या घरातला क्रमांक उचला, बोट एक घर पुढे सरकवा, शब्द चालवा. शब्द मूळचा, म्हणजे यजमान भाषेत लिहिलेला असेल तर त्याचं फंक्शन चालतं. आपण लिहिलेला असेल तर बोटाचा पत्ता परतीच्या स्टॅकवर ठेवून बोट त्या शब्दाच्या पहिल्या घरावर न्यायचं. 'परत' तो पत्ता उचलून बोट मागे आणतो. संपलं. बाहेरून शब्द चालवताना परतीच्या स्टॅकवर आधी -१ ठेवा. बोट -१ वर आलं की थांबा.

मूळ फोर्थमध्ये हे काम यंत्रभाषेतल्या मोजक्या सूचनांत बसत असे आणि प्रत्येक घरात फक्त एक पत्ता असे. त्यामुळे मोठमोठी कामंही अतिशय थोड्या जागेत मावत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानात फोर्थसाठी घडवलेल्या आरटीएक्स २०१० या चिप होत्या, हे त्या काटकसरीचं दूरवर गेलेलं फळ.

पायरी ६: अट, जी आपणच लिहू

इथे जरा रेंगाळू. मूळ शब्दांपैकी आता आपल्याला हे लागतील. 'उडी': पुढच्या घरात लिहिलेल्या पत्त्यावर बोट नेतो. 'शून्य-तर-उडी': चळतीवरचा आकडा उचलतो, तो शून्य असेल तरच उडी मारतो, नाहीतर पत्त्याचं घर ओलांडतो. 'इथे': पुढच्या रिकाम्या घराचा पत्ता चळतीवर ठेवतो. `,`: चळतीवरचा आकडा त्या रिकाम्या घरात लिहितो. 'ठेव': किंमत आणि पत्ता घेऊन लिहितो. 'तत्काळ': शेवटच्या नोंदीवर खूण लावतो. आणि 'घाल': स्वतःनंतर नोंदलेला शब्द न चालवता तो सध्या बनत असलेल्या व्याख्येत लिहितो.

आता यजमान भाषेला हात न लावता, आपल्याच भाषेत:

    : खाच इथे ० , ;
    : भर इथे अदलाबदल ठेव ;
    : असेल-तर घाल शून्य-तर-उडी खाच ; तत्काळ
    : नाहीतर घाल उडी खाच अदलाबदल भर ; तत्काळ
    : बास भर ; तत्काळ

पाच ओळींत अट झाली. 'खाच' एक घर रिकामं सोडतो आणि त्याचा पत्ता चळतीवर ठेवतो. 'भर' त्या खाचेत आत्ताचा पत्ता भरतो. वापरून बघू. बारा वर्षांखालच्याला १० रुपये, बाकीच्यांना २०:

    : तिकीट १२ < असेल-तर १० नाहीतर २० बास ;

हे मोठ्याने वाचा. 'बारापेक्षा कमी असेल तर दहा, नाहीतर वीस, बास.' आपल्याकडे 'असेल तर' अटीच्या नंतरच येतो, आणि फोर्थलाही तो नंतरच हवा असतो. इंग्रजी फोर्थमध्ये हीच अट नवख्यांना सर्वांत जास्त अडखळवते, कारण तिथे 'जर' अटीच्या मागे पडतो आणि 'तर' अगदी शेवटाला जातो.

ही व्याख्या स्मृतीत ५० व्या घरापासून बसते आहे असं धरून प्रत्येक घर बघा:

    ५०  आकडा
    ५१  १२
    ५२  <
    ५३  शून्य-तर-उडी
    ५४  ५९
    ५५  आकडा
    ५६  १०
    ५७  उडी
    ५८  ६१
    ५९  आकडा
    ६०  २०
    ६१  परत

कागदावर हे स्वतः करून बघाच. 'असेल-तर' आला तेव्हा ५३ मध्ये उडी लिहिली गेली, ५४ रिकामं राहिलं आणि चळतीवर ५४ हा आकडा आला. 'नाहीतर' ने ५७ मध्ये उडी लिहिली, ५८ रिकामं सोडलं, मग चळत उलटवून ५४ मध्ये ५९ भरला. आता चळतीवर ५८ उरला. 'बास' ने त्यात ६१ भरला. चळत जशी होती तशी.

गंमत अशी की कंपाइलरला लागणारी आठवण ठेवायला वेगळी व्यवस्था केलेलीच नाही. आपण बेरीज करतो तीच चळत तो वापरतो. म्हणून अटीच्या आत अट आपोआप चालते. आतली आधी मिटते, मग बाहेरची.

यावर एक पहारा ठेवा. `:` चालताना चळत किती उंच होती ते लिहून ठेवा आणि `;` ला तेवढीच आहे का ते तपासा. नसेल तर कुठेतरी 'बास' राहिला. हा पहारा नसेल तर चूक नोंदवताना दिसत नाही, चालवताना भलत्याच जागी उडी जाते.

फेराही असाच, आणि आणखी सोपा, कारण मागे उडी मारायची तर पत्ता आधीच ठाऊक असतो:

    : सुरू इथे ; तत्काळ
    : होईपर्यंत घाल शून्य-तर-उडी , ; तत्काळ
    : उलटमोजणी सुरू प्रत सांग १ - प्रत ० = होईपर्यंत टाक ;

`३ उलटमोजणी` म्हटलं की ३, २, १.

पायरी ७: शब्द घडवणारे शब्द

इथवर आपण नवे शब्द केले आणि भाषेची वाक्यरचना वाढवली. आता शब्दांची नवी जातच करायची. डझन म्हणजे १२, कोडी म्हणजे २०, कागदाचा दस्ता म्हणजे २४. प्रत्येकासाठी वेगळी व्याख्या लिहिता येईल, पण त्यांचं वागणं एकच: चळतीवरच्या आकड्याला आपल्या किमतीने गुण. ते वागणं एकदाच सांगू:

    : पट: नवा , कृती> आण * ;
    १२ पट: डझन
    २० पट: कोडी
    २४ पट: दस्ता
    ३ डझन सांग

उत्तर ३६. शेवटची ओळ आता नुसतं मराठी आहे.

हे समजायला तीन वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली वेळ, 'पट:' नोंदला जातो तेव्हा. दुसरी, `१२ पट: डझन` चालतं तेव्हा: 'नवा' वाचणाऱ्याकडून 'डझन' हा शब्द मागून नोंद करतो (ओळ आधी तोडून ठेवू नका म्हटलं ते यासाठी), `,` त्या नोंदीच्या घरात १२ लिहितो, आणि 'कृती>' त्या नव्या नोंदीवर लिहून ठेवतो की 'तू चाललास की माझ्या पुढच्या घरापासून सुरुवात कर'. मग तो तिथूनच परत फिरतो. `आण *` या वेळी चालत नाही. तिसरी वेळ, `३ डझन` म्हणता तेव्हा: डझन आपल्या घराचा पत्ता चळतीवर ठेवतो, बोट 'कृती>' च्या पुढे जातं, 'आण' त्या पत्त्यावरचे १२ आणतो आणि `*` ३ शी गुणतो.

यजमान भाषेत 'कृती>' तीन ओळींचा आहे: शेवटच्या नोंदीत बोटाचा पत्ता लिहा, परतीच्या स्टॅकवरचा पत्ता उचला, बोट तिथे न्या. आणि अशी कृती लागलेला शब्द चालवताना आपलं घर चळतीवर ठेवायचं, बोटाचा पत्ता परतीच्या स्टॅकवर ठेवायचा, बोट कृतीवर न्यायचं. या दोन तुकड्यांवर स्थिर किमती, चल, याद्या, तक्ते, नोंदींचे प्रकार, सगळं भाषेतच लिहिता येतं. दुसऱ्या भाषांत यासाठी कंपाइलर उघडावा लागतो.

एक चूक इथे सगळेच करतात: 'कृती>' च्या आधीचा आणि नंतरचा भाग एकाच वेळी चालतो असं धरून चळतीचा हिशेब मांडतात. आधीचा भाग जन्माला, नंतरचा भाग दर वापराला. कागदावर मधे एक आडवी रेघ मारा.

पायरी ८: विसरणं

प्रयोग करताना नोंदवही भरत जाते. 'विसर' हा शब्द पुढचं नाव वाचतो, ती नोंद आणि तिच्यानंतरचं सगळं काढून टाकतो आणि रिकाम्या घराचा पत्ता मागे आणतो. नोंदी एकावर एक रचलेल्या असल्याने हे दोन ओळींचं काम आहे. उतरंडीतलं मधलं मडकं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात, तसंच. टिपणासाठी `(` असा शब्द करा, जो `)` येईपर्यंतचं वाचून टाकून देतो. तो तत्काळ असू द्या, नाहीतर व्याख्येच्या मधे टीप लिहिता येणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत

एवढी मोकळीक देणारी भाषा दोन जणांच्या हातात दोन भाषा होते. फोर्थच्या जगात हे प्रत्यक्ष घडलं. म्हणून १९७९ आणि १९८३ चे संकेत ठरले, मग १९९४ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक आलं. 'खरं' म्हणजे कोणता आकडा, यावरही मत बदललं: १९७९ च्या संकेतात १, १९८३ च्या संकेतात -१. तुम्ही -१ घ्या. त्यात सगळे बिट चालू असतात, त्यामुळे बिटांवरच्या क्रियाच तर्काच्या क्रिया म्हणून चालतात.

आणि व्याख्या लहान ठेवा. एका ओळीत मावेल एवढी. चळतीवर तीनपेक्षा जास्त गोष्टी सांभाळायची वेळ आली तर तो शब्द दोन शब्दांत तोडा आणि तुकड्यांना कामाची नावं द्या. आपण 'खाच' आणि 'भर' वेगळे काढले नसते तर 'नाहीतर' वाचता आला नसता.

शेवटची तपासणी

सगळं पुसून, मूळ शब्दांनिशी भाषा पुन्हा सुरू करा. पायरी ६ आणि ७ मधल्या व्याख्या क्रमाने टाइप करा आणि मग हे:

    १० तिकीट सांग
    ४० तिकीट सांग
    : रीम २० * दस्ता ;
    २ रीम सांग
    विसर दस्ता
    २ रीम सांग

उत्तरं १०, २० आणि ९६० यायला हवीत. शेवटच्या ओळीला 'रीम ?' असं उत्तर यायला हवं, कारण दस्ता गेला की त्यावर उभा असलेला रीमही जातो. तिथे पुन्हा ९६० आलं, तर 'विसर' मध्ये शोधाची सुरुवात मागे आणायची राहिली आहे.